समुद्री मासळीतले धातू मोजा, पण नीट मोजा: अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सह आयुक्त (अन्न),
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
नागपूर विभाग, नागपूर.

विषय: नागपुरात विकल्या जाणाऱ्या समुद्री मासळीतील पारा, कॅडमियम व शिसे यांची नियमित तपासणी.

महोदय,

नागपूरपासून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. तरी मंगळवारी बाजारात आणि भोईपुऱ्यात सुरमई, बांगडा, पापलेट, झिंगे मिळतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. एक किनारा बंद पडला की दुसऱ्याचा माल येतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही बंद असतात तेव्हा शीतगृहातला. गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतो तो बर्फावरचा कापलेला तुकडा. मासा केवढा होता, कोणत्या बंदरावर उतरला, पकडून किती दिवस झाले, यातले काहीही त्या तुकड्यावरून कळत नाही आणि जड धातूंचा अंदाज बांधायला नेमकी हीच माहिती लागते.

आमची मागणी मोठी नाही. दर तिमाहीला १८ नमुने, वर्षाला ७२, ठरलेल्या जातींचे आणि ठरलेल्या पद्धतीने घेतलेले. आणि त्यांचे आकडे जातवार जाहीर करणे. हे पत्र लांबले आहे ते पद्धतीमुळे. चुकीच्या पद्धतीने घेतलेला नमुना तपासला तर निष्पाप मासा बदनाम होतो किंवा दोषी मासा सुटतो आणि दोन्ही वेळा अहवालावर शिक्का तोच असतो.

आधी एक गैरसमज. मासळी बाजारातली तपासणी म्हटली की बर्फ, परवाना आणि फॉर्मलिनची पट्टी एवढेच डोळ्यांसमोर येते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मलिन आणि अमोनियासाठी झटपट किट तयार केले, ते उत्तम काम देते. पण पट्टीचा रंग बदलला नाही म्हणून मासळी 'सुरक्षित' असे वाक्य बातमीत आले की लोक ते सगळ्याच विषांना लावतात. धातूला वास नाही, रंग नाही; कल्ले लालभडक असलेल्या ताज्या माशातही तो असतो. बाजारात उभे राहून वापरता येईल अशी भरवशाची पट्टी पाऱ्यासाठी नाही. इतवारीच्या सराफ्यात सोने तपासायला जी हातातली एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी) यंत्रे वापरतात, ती मासळीवर चालवून पाहण्याची कल्पना कुणीतरी हमखास सुचवते. ओल्या मांसात काही मिलिग्रॅम प्रति किलोच्या खाली त्या यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो आणि आपल्याला मोजायचे आहे ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. तो मोह टाळावा.

आता धातूंबद्दल, कारण प्रत्येकाचे घर वेगळे आहे आणि नमुना कुठून कापायचा हे त्यावरच ठरते.

पारा मांसात असतो. कोळशाच्या धुरातून, कारखान्यांतून, सोन्याच्या छोट्या खाणींतून निघालेला पारा समुद्रात पोचतो तो बहुतांशी असेंद्रिय रूपात. ज्या गाळात प्राणवायू संपलेला असतो तिथले सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे सेंद्रिय रूप, बनवतात. तो प्लवकात शिरतो, तिथून तारलीत, तारली खाणाऱ्या सुरमईत, आणि दर पायरीला वाढत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० ते २०१२ या काळातल्या नमुन्यांचे जे एकत्रित आकडे दिले आहेत, त्यात शार्कची सरासरी किलोला ०.९८ मिलिग्रॅम आहे आणि तारलीच्या वर्गाची ०.०१३, म्हणजे पंचाहत्तर पटींचा फरक. त्याच यादीत मेक्सिकोच्या आखातातला सुरमईचा चुलतभाऊ ०.७३ वर आहे. तो आकडा आपल्या सुरमईला चिकटवून इथे घबराट पसरवणे चूक, आणि आपल्याकडचा आकडा समोर नाही म्हणून सुरमई निर्धोक मानणेही तितकेच चूक. एकाच जातीत वय आणि लांबी वाढेल तसा पाराही वाढतो. दीड किलोच्या सुरमईवरून आठ किलोच्या सुरमईबद्दल काही सांगता येत नाही.

हा मिथाइल पारा चरबीत साठत नाही, मांसातल्या प्रथिनांच्या गंधकयुक्त भागाला धरून बसतो. त्यामुळे हळद-मीठ चोळून, लिंबू पिळून, व्हिनेगरमध्ये ठेवून किंवा उकळून तो निघत नाही. तळल्यावर तुकड्यातले पाणी उडते म्हणून किलोमागचा आकडा उलट चढतो. तुकड्यातला एकूण पारा होता तेवढाच राहतो. कच्चा मासा तपासला की शिजलेला, हे अहवालात लिहिणे म्हणूनच गरजेचे आहे.

(कोळशाचा उल्लेख झालाच आहे तर, सोन्याच्या छोट्या खाणींनंतर जगात माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा सर्वात मोठा स्रोत कोळसा जाळणे हाच आहे. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या शेजाऱ्यांना समुद्रातला पारा अगदीच परका नाही. नाग नदीचे पाणीही कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागरालाच जाते. पण ते दार आपल्या खात्याचे नाही.)

कॅडमियमचे ठिकाण यकृत आणि मूत्रपिंड. माशाच्या मांसात तो सहसा थोडा असतो; माकुलाच्या (स्क्विडच्या) आतड्या-यकृतात, खेकड्याच्या कवचाखालच्या पिवळ्या-तपकिरी गरात आणि झिंग्याच्या डोक्यात पुष्कळ असू शकतो. म्हणून कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) माकुलासाठीची २ मिलिग्रॅमची मर्यादा आतले अवयव काढलेल्या माकुलाला लागू आहे आणि युरोपची खेकड्याची ०.५ ची मर्यादा फक्त पायांतल्या पांढऱ्या मांसाला. साफ न केलेले माकुल शीतपेटीत पडून राहिले, गोठले, वितळले की आतली पिशवी फुटते आणि कॅडमियम मांसात झिरपतो. मग तेच माकुल एका प्रयोगशाळेत पास आणि दुसऱ्यात नापास होते. नमुना घेतल्याबरोबर आतले काढणे आणि मगच गोठवणे, एवढ्यानेच हा वाद मिटतो. युरोपला जाणाऱ्या भारतीय माकुलाची कॅडमियमसाठी तपासणी होते आणि कॅडमियम जास्त म्हणून तिथे ते अडवलेही गेले आहे. देशातच विकल्या जाणाऱ्या मालाला तीच चाळणी का नसावी?

शिसे हाडात, खवल्यात, कल्ल्यांत बसते. सुरमईच्या तुकड्यात त्याची फारशी चिंता नाही. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी मात्र वेगळी, आणि विदर्भात ती बहुतेक सुकलेलीच खाल्ली जाते. सुकट, जवळा, सुके बोंबील हा आपल्या भागातला समुद्री मासळीचा सर्वात जुना प्रकार. ताज्या मासळीची शीतपेटी पोचण्याच्या कितीतरी आधी तो आठवडी बाजारात पोचलेला होता. तपासणीच्या यादीत मात्र तो शेवटी येतो.

सुकटीचे गणित जरा थांबून पाहावे. ओल्या जवळ्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास असते, वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येते. म्हणजे साधारण चार किलो ओल्या जवळ्याचा एक किलो सुका. ओल्यात शिसे किलोला ०.०८ मिलिग्रॅम असेल तर सुक्यात ते ०.३२ दिसेल. माशासाठी शिशाची कोडेक्स मर्यादा ०.३ आहे आणि ती ताज्या माशाची आहे. सुकटीचा आकडा सरळ तिला लावला तर निर्दोष माल नापास होईल; आणि 'सुक्या मालाला मर्यादाच नाही' म्हणून सोडून दिला तर खरोखर दूषित माल निसटेल. उपाय सोपा आहे: प्रत्येक सुक्या नमुन्याची आर्द्रता मोजावी (१०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत) आणि आकडा सुक्या व ओल्या दोन्ही वजनांवर द्यावा. शिवाय वाळूवर किंवा रस्त्याकडेला वाळवलेल्या मालाला माती चिकटलेली असते आणि त्या मातीतले शिसेही मोजले जाते. घरात सुकट निवडून, धुऊन, भाजून वापरतात. एकाच लॉटचा अर्धा भाग आहे तसा आणि अर्धा धुऊन तपासला तर शिसे माशातले किती आणि मातीतले किती ते कळेल. पहिले प्रमाण जास्त निघाले तर समुद्राकडे पाहावे लागेल, दुसरे निघाले तर वाळवण्याच्या जागेकडे. दुसऱ्याचा बंदोबस्त ताडपत्री आणि बांबूच्या मांडवाने होतो.

आर्सेनिकबद्दल थोडक्यात. समुद्री माशात एकूण आर्सेनिक बऱ्यापैकी निघते, पण त्यातले बहुतेक आर्सेनोबीटेन या रूपात असते आणि ते शरीरातून जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. घातक असते ते असेंद्रिय आर्सेनिक. एकूण आर्सेनिकचा आकडा वर्तमानपत्राला मिळाला की 'मासळीत संखिया' असा मथळा ठरलेला. असेंद्रिय वेगळे मोजायची सोय नसेल तर आर्सेनिक या यादीत घालूच नये.

आता मर्यादांचा प्रश्न. अन्न सुरक्षा व मानके (दूषके, विषे व अवशेष) विनियम, २०११ मध्ये मुळात माशातल्या एकूण पाऱ्याला किलोला ०.५ मिलिग्रॅम आणि कोणत्याही अन्नातल्या मिथाइल पाऱ्याला ०.२५ मिलिग्रॅम अशा दोन मर्यादा दिल्या होत्या. माशाच्या मांसातला पारा बहुतांश मिथाइलच असतो. मग एकूण पारा ०.४ निघालेला मासा पहिल्या ओळीने पास आणि दुसरीने जवळपास नक्की नापास! पुष्कळ अहवालांत फक्त पहिली ओळ तपासलेली असते. कोडेक्सने २०१८ मध्ये मिथाइल पाऱ्यासाठी जातवार मर्यादा ठरवल्या, कुप्याला म्हणजे ट्यूनाला १.२ आणि शार्कला १.६, सोबत सांगितले की आधी एकूण पारा मोजा आणि तो मर्यादेच्या आत असेल तर पुढे जायची गरज नाही. हीच चाळणी इथे लावता येईल. एकूण पारा ०.२५ च्या आत असेल तर दोन्ही भारतीय मर्यादा आपोआप पाळल्या जातात. त्यावर निघाला तरच मिथाइल वेगळा मोजावा. असे नमुने मोजकेच निघतील, बहुधा मुशी (शार्क), कुपा आणि मोठी सुरमई यांतलेच. आपण कोणती मर्यादा कोणत्या जातीला लावता, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर छापलेले असावे.

मर्यादेत असणे आणि खायला निर्धोक असणे यात किती अंतर आहे, तेही आकड्यात पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सहनमर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली, ती गर्भाच्या मेंदूला धरून. ५० किलो वजनाच्या बाईला आठवड्याचे ८० मायक्रोग्रॅम. किलोला ०.५ मिलिग्रॅम पारा असलेल्या, म्हणजे ऐन मर्यादेवरच्या माशाचे १६० ग्रॅम खाल्ले की ते भरले; तळलेल्या सुरमईचे दोन मध्यम तुकडे धरा. १५ किलोच्या पोराला ४८ ग्रॅम पुरतात. उलट ०.०५ चा बांगडा असेल तर त्याच बाईला आठवड्याला दीड किलोच्या वर खावा लागेल. म्हणून नुसते 'सर्व नमुने मर्यादेत' असे एका ओळीत सांगू नये. गरोदर बाईला आकडा हवा असतो आणि तो जातीगणिक हवा असतो. शिशाला तर त्या समितीने २०१० मध्ये आधीची सहनमर्यादाच मागे घेतली, कारण निर्धोक म्हणता येईल अशी पातळी सापडेना.

नमुना घेण्याविषयी. आम्ही सहा प्रकार सुचवतो: सुरमई, कुपा, मुशी, माकुल, बांगडा आणि सुका जवळा. पहिले तीन शिकारी, पाऱ्यासाठी, माकुल कॅडमियमसाठी, बांगडा तुलनेसाठी आणि सर्वात जास्त खपतो त्यांपैकी एक म्हणून, जवळा शिशासाठी. प्रत्येकाचे तिमाहीला तीन वेगवेगळे लॉट, शक्यतो तीन वेगवेगळ्या ठोक व्यापाऱ्यांकडून. एका लॉटमधून पाच मासे. जवळा असेल तर पोत्याच्या वर-मध्ये-खाली अशा पाच जागांवरून मिळून अर्धा किलो. प्रत्येक माशाची लांबी आणि वजन कापण्याआधी लिहावे. हे राहून गेले तर पाऱ्याच्या आकड्याचा पुढे काही उपयोग होत नाही. आणि लहान सुरमई स्वस्त पडते म्हणून तीच उचलण्याचा मोह असतो. निदान एक लॉट पाच किलोवरच्या माशांचा हवाच.

मांस डोक्यामागच्या पाठीच्या भागातले, बाजूच्या रेषेच्या वरचे घ्यावे, कातडी आणि खवले काढून, प्रत्येक माशाचे १०० ग्रॅम. ऊर्ध्वपातित पाण्याने एकदा धुऊन निथळू द्यावे. सुरी सिरॅमिकची असेल तर उत्तम. स्टीलच्या सुरीने पारा-शिशात फरक पडत नाही, क्रोमियम-निकेलचा आकडा मात्र बिघडतो. ते मोजायचे नसतील तर स्टील चालेल. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, बाजारातल्या तराजूच्या पारड्यात उघडे ठेवू नये. कोऱ्या पॉलिथिनच्या झिपबंद पिशवीत, हवा काढून, बर्फात. चार तासांत उणे २० अंशांवर. कोणतेही परिरक्षक घालू नये.

पाच माशांचे मांस एकत्र वाटून एक संमिश्र नमुना करावा, पण प्रत्येक माशाचा ५० ग्रॅमचा वेगळा भाग राखून. संमिश्राचा आकडा सरासरी असतो. चार मासे ०.१ चे आणि एक ०.९ चा असला तर सरासरी ०.२६ येते आणि तो पाचवा मासा लपतो. संमिश्राचा पारा ०.२५ च्या वर गेला की पाचही वेगळे तपासावेत, असा नियमच करून टाकावा.

कायदेशीर नमुना घ्यायचा असेल तेव्हा अडचण आणखी वाढते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदावधित अधिकाऱ्याकडे आणि विक्रेत्याने मागणी केली तर एक अधिस्वीकृत प्रयोगशाळेत. तेल किंवा दूध ढवळून चार बाटल्यांत भरता येते. मासळीचे चार तुकडे चार वेगळ्या माशांचे असले तर त्यांचे आकडे जुळायचे कारणच नाही आणि अपिलात सगळी केस कोसळते. चारही भाग एकाच माशाचे, पाठीच्या लागोपाठच्या कापांतून आळीपाळीने घेतलेले असावेत आणि पंचनाम्यात तसे लिहिलेले असावे.

प्रयोगशाळेत काय बघावे, हे आपल्या विश्लेषकांना सांगायची गरज नाही. पण काम बाहेरच्या एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय मान्यता मंडळाने मान्य केलेल्या) प्रयोगशाळेला दिले तर करारात काय लिहावे, ते सांगतो. बंद भांड्यातले मायक्रोवेव्ह पचन असावे: ०.५ ग्रॅम ओले मांस, ५ ते ७ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल, १ ते २ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, १८० ते २०० अंशांवर १५ ते २० मिनिटे, मग ५० मिलिलिटरपर्यंत पातळ. उघड्या तव्यावर किंवा भट्टीत साडेचारशे अंशांवर राख करण्याची जुनी रीत शिशाला चालते, पाऱ्याला अजिबात नाही. पारा वाफ होऊन उडून जातो आणि अहवाल 'आढळला नाही' असा येतो. ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा या द्रावणात लिटरला ५ मायक्रोग्रॅम होते आणि ०.३ ची ३ मायक्रोग्रॅम. आयसीपी-एमएस या धातू मोजण्याच्या यंत्राला हे सहज झेपते. पारा मात्र त्या यंत्राच्या नळ्यांना चिकटून राहतो आणि एका दूषित नमुन्यानंतरच्या दोन-तीन नमुन्यांत खोटा दिसतो. धुण्याच्या द्रावणात आणि मानकांत थोडे सोने घातले की तो सुटतो. नाहीतर पाऱ्यासाठी थेट पारा-विश्लेषक वापरावा: शंभर मिलिग्रॅम मांस, आम्ल नाही, पचन नाही, नमुन्याला काही मिनिटे.

पचनाच्या मायक्रोवेव्हमधला रोटर (नळ्या बसवायची चकती) २४ नळ्यांचा असेल तर १८ नमुने, दोन कोऱ्या (नमुना नसलेल्या), दोन प्रमाणित संदर्भ साहित्याच्या, एक दुबार आणि एक ज्ञात धातू घातलेली. आमचा १८ चा आकडा इथूनच आला. एक तिमाही, एक फेरी. संदर्भ साहित्य माशाच्या प्रथिनाचे असावे, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे डॉर्म मालिकेतले चालते. पाण्याचे मानक चालणार नाही. पुनर्प्राप्ती (माहीत असलेल्या धातूपैकी मोजला गेलेला हिस्सा) ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेली तर पूर्ण फेरी रद्द करून पुन्हा करावी आणि त्याचे पैसे प्रयोगशाळेने सोसावेत, ही अट करारात हवीच. मापनाची खालची मर्यादा धातूच्या कायदेशीर मर्यादेच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. 'बीडीएल' (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) एवढेच लिहिलेला अहवाल परत पाठवावा. कशाच्या खाली, तो आकडा हवा. आणि प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चितता: ०.५२ अधिक-उणे ०.०८ हा निकाल खटल्यासाठी कच्चा आहे.

हे सगळे नागपुरात होऊ शकते, ही खरे तर या शहराची मिरास आहे. १९५८ साली स्थापन झालेली नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथे आहे. मत्स्यविज्ञान महाविद्यालय इथे आहे, ज्यांच्या विद्यार्थ्यांना जाती ओळखणे, लांबी घेणे आणि मांस कापणे शिकवावे लागत नाही. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मध्य विभाग इथेच. दगडातला धातू मोजणाऱ्यांची जेवढी दाटी नागपुरात आहे तेवढी देशात फार थोड्या शहरांत असेल. नमुने महाविद्यालयाने घ्यावेत आणि विश्लेषण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने करावे, असा सामंजस्य करार आपल्या पातळीवर होऊ शकतो. पहिले वर्ष हे नमुने कायदेशीर नकोत, सर्वेक्षणाचेच असावेत.

त्याचे कारण सरळ आहे. फॉर्मलिन कुणीतरी घालतो, पारा कुणी घातलेला नसतो. मंगळवारीत टोपली घेऊन बसलेल्या बाईला तिच्या कुप्यात किती पारा आहे हे कळायचा मार्गच नाही. तिच्यावर नोटीस काढून समुद्र स्वच्छ होत नाही आणि पुढच्या वेळी ती नमुना द्यायला तयार होत नाही. कारवाई करायचीच असेल तर ती ठोक व्यापाऱ्याच्या पातळीवर, आणि तीही आधी नोंदीची: प्रत्येक खोक्यासोबत जात, उतरल्याचे बंदर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असली पाहिजे. खेकडा, तिसऱ्या, कालवे यांना बंदर फार महत्त्वाचे, कारण ते एका जागचे रहिवासी. जिथला गाळ तिथला धातू. सुरमई-कुपा शेकडो किलोमीटर फिरतात, त्यांना बंदरापेक्षा वजन महत्त्वाचे. चिठ्ठीत दोन्ही रकाने ठेवले तर पुढे दूषित लॉट मागे शोधत जाता येईल.

लोकांना काय सांगायचे, हे आकडे हाती येण्याआधीही ठरवता येते, फक्त 'मासे खाऊ नका' असे सांगू नये. गरोदर, दूध पाजणाऱ्या आणि मूल होऊ द्यायच्या विचारात असलेल्या बायकांनी, तसेच लहान मुलांनी मुशी आणि मोठा कुपा टाळावा, मोठ्या सुरमईचा तुकडा क्वचित खावा. बांगडा, तारली, मांदेली, झिंगे आठवड्याला दोन-तीनदा खुशाल खावेत. अमेरिकी सल्ल्यात गरोदर बायकांना कमी पाऱ्याची मासळी आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम खायलाच सांगितले आहे, कारण गर्भाच्या मेंदूला मासळीतली ओमेगा-३ चरबीही लागते. माकुल आतले काढून घ्यावे, झिंग्याचे डोके चोखू नये, खेकड्याचा तपकिरी गर मुलांना देऊ नये, सुकट दोन पाण्यांनी धुवावी. एवढा मजकूर एका पानावर मावतो. तो बाजाराच्या फाटकावर आणि महापालिकेच्या प्रसूतिगृहांत लावता येईल.

१ ऑगस्टला पश्चिम किनाऱ्याची बंदी उठते आणि पहिल्या पंधरवड्यातच ताजा माल नागपुरात येऊ लागतो. पहिली फेरी तेव्हा घ्यावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शीतगृहातल्या मालाचे सहा नमुने आधी घेतले तर दोन्हींची तुलनाही होईल. निकाल संकेतस्थळावर तक्त्याच्या रूपात टाकावेत: जात, लांबी, वजन, बंदर, नमुन्याची तारीख, एकूण पारा, कॅडमियम, शिसे, आर्द्रता, अनिश्चितता, प्रयोगशाळेची खालची मर्यादा. विक्रेत्याचे नाव त्यात नको. नमुना घेण्याचा छापील फॉर्म, पिशवीवरच्या चिठ्ठीचा मसुदा आणि प्रयोगशाळेच्या कराराच्या अटी आम्ही मराठीत तयार करून विनामूल्य देऊ. आपल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी नमुना कापण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिकही घेऊ. त्यासाठी पाच किलोवरची एक सुरमई आणि एक साफ न केलेले माकुल आपल्याकडून लागेल.

आपले,
नागपुरातील काही विश्लेषण-रसायनज्ञ व मत्स्यविज्ञानाचे पदवीधर

प्रत माहितीसाठी: आयुक्त, नागपूर महानगरपालिका; समुद्री मासळीचे ठोक व्यापारी, नागपूर.